दहिवराची रात्र

महाबळेश्वरला वेण्णा तलावापासून लिंगमळ्यापर्यंतच्या पट्ट्यात हिवाळ्यात एखादी रात्र अशी येते, की सकाळी गवतावर, गाड्यांच्या टपांवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरे हिमकण दिसतात. वर्तमानपत्रात फोटो छापून येतो. पर्यटक ते कण खरवडून तळहातावर घेतात. वाफ्यातल्या फुलांचं रात्रभरात काय झालं, ते त्या फोटोत येत नाही.

पुढचा घटनाक्रम अमुक एका तारखेचा नाही. जानेवारीतल्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री या पट्ट्यात जे घडतं त्याचा हा क्रम आहे, आणि वेळा व तापमानं अशा रात्रीला साजेशी धरली आहेत. झाडाच्या आत काय होतं ते मात्र प्रयोगशाळांनी तपासलेलं आहे. ते वाचताना एक गोष्ट मला वारंवार जाणवली: पहाटे फूल मरतं, पण त्याचं मरण त्याआधी कित्येक आठवडे ठरलेलं असतं.

चार महिने आधी

सप्टेंबर. पाऊस ओसरतोय. गादीवाफे ओढून झालेत, ठिबकच्या नळ्या टाकल्यात, मल्चिंग पेपरला भोकं पाडणं चाललंय. रोपं येतात ती मुख्यतः परदेशी वाणांची: विंटर डॉन आणि स्वीट चार्ली ही फ्लोरिडा विद्यापीठाची, कॅमारोसा कॅलिफोर्निया विद्यापीठाचं. ही वाणं लवकर फुलावीत, फळ मोठं आणि गोड यावं, हिवाळाभर तोडा चालू राहावा म्हणून निवडली गेली. फ्लोरिडाच्या शेतकऱ्यालाही ऐन हिवाळ्यातच बाजार गाठायचा असतो. थंडीत पानं मिटून, फुलणं थांबवून निमूट पडून राहणारं झाड त्याच्या उपयोगाचं नाही, आणि आपल्याही नाही.

तरीही या झाडाच्या रक्तात थंडी आहे. आजची बागायती स्ट्रॉबेरी अठराव्या शतकात फ्रान्समध्ये दोन अमेरिकी रानजातींच्या संकरातून जन्मली. एक जात चिलीच्या सौम्य किनाऱ्यावरची, तिची रोपं फ्रेझिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने १७१४ मध्ये युरोपात नेली होती. दुसरी उत्तर अमेरिकेतली, बर्फाखाली हिवाळा काढणारी. संकरित झाड अष्टगुणित आहे: प्रत्येक पेशीत गुणसूत्रांचे आठ संच, एकूण ५६ गुणसूत्रं. थंडी सोसण्याची जनुकं त्यात आहेतच. प्रश्न इतकाच, की ती केव्हा जागी होतात आणि झाडाच्या कुठल्या भागात.

सहा आठवडे आधी

या प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्या भागाचं उत्तर देणारं एक काम २०१२ मध्ये नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलं. त्यांनी स्ट्रॉबेरीच्या चार वाणांची गोठण सोसण्याची ताकद मोजली. सर्वांत काटक निघालं ‘योन्सोक’, सर्वांत नाजूक ‘फ्रिडा’. मग या दोघांची रोपं थंडीत ठेवली आणि शून्य दिवस, दोन दिवस व ४२ दिवसांनंतर त्यांच्या क्राऊनमधली, म्हणजे जमिनीलगतच्या त्या आखूड जाड खोडातली प्रथिनं तपासली. एका पद्धतीने मोजल्यावर १३५ प्रथिनांच्या प्रमाणात लक्षणीय फरक मिळाला.

त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट शून्याव्या दिवसाची आहे. योन्सोकमध्ये बरीचशी संरक्षक प्रथिनं थंडी लागण्याआधीच भरपूर होती: इतर प्रथिनांची घडी मोडू न देणारी, विषारी ऑक्सिजन-रेणूंचा बंदोबस्त करणारी, रोगाशी झुंजणारी. फ्रिडाने थंडी लागल्यावर मुख्यतः फ्लॅव्होनॉइड बनवण्याच्या यंत्रणेवर जोर दिला. नाजूक वाण काहीच करत नाही असं नव्हे. ते उशिरा करतं, आणि थोडं करतं.

आणि थंडीला सरावायलाही दिवस लागतात. सलग थंडी मिळाली तरच ही तयारी पुरी होते. महाबळेश्वरला डिसेंबरात रात्री गारवा असतो, पण दुपारी ऊन चढतं आणि पारा चोविसाच्या आसपास जातो. रात्री मिळवलेला सराव दुपारची ऊब बराचसा पुसून टाकते. झाड वाढत राहतं, कळ्या धरत राहतं. शेतकऱ्याला हेच हवं असतं आणि वाणही त्यासाठीच निवडलेलं असतं. त्यामुळे या रात्रीपर्यंत झाड पोहोचतं ते फुलांनी भरलेलं आणि थंडीला न सरावलेलं.

सायंकाळी ५

आकाशात ढग नाही. वारा दुपारपासून मंदावत आलाय. बागेत हवेचं तापमान १८ अंश. धोक्याची दोन्ही लक्षणं समोर आहेत, पण ती इतकी प्रसन्न दिसतात की कुणी दचकत नाही.

सायंकाळी ६.१५

सूर्यास्त. पानं आता केवळ उष्णता गमावतायत. जमीन, पान, फूल सगळे अदृश्य अवरक्त किरण आकाशाकडे सोडतात. ढग असते तर त्यातली बरीच उष्णता परत आली असती. वारा असता तर वरची उबदार हवा खाली घुसळली गेली असती. आज दोन्ही नाहीत, म्हणून पान भोवतालच्या हवेहूनही थंड होत जाणार. चार फूट उंचीवर, छायेच्या पेटीत ठेवलेला वेधशाळेचा तापमापक आणि वाफ्यातलं फूल यांच्यात आतापासून उद्या सकाळपर्यंत कित्येक अंशांचं अंतर पडतं. वेधशाळेचा आकडा सात-आठ अंशांचा आणि तलावाकाठी हिमकण, या बातमीत विसंगती वाटते ती यामुळे. दोन्ही खरे असतात.

रात्री ८.३०

पानाचं तापमान ६ अंश. पेशीभोवतीचं पातळ पटल हे मेदरेणूंचं असतं, आणि ते आता घट्ट होऊ लागलंय. थंडीत तूप थिजतं आणि शेंगदाण्याचं तेल पातळ राहतं, त्यामागचं रसायन इथंही तेच: संतृप्त मेद लवकर एकमेकांना चिकटून बसतात, असंतृप्त मेदांच्या वाकड्या साखळ्या बसत नाहीत. सरावलेलं झाड आपल्या पटलात असंतृप्त मेदांचं प्रमाण वाढवून ठेवतं. हे झाड सरावलेलं नाही.

पण पटलाचं हे थिजणं झाडाला थंडीची वर्दीही देतं. ताठरलेल्या पटलातले दरवाजे उघडतात आणि बाहेरचे कॅल्शियमचे आयन पेशीत घुसतात. पेशीच्या भाषेत याचा अर्थ: काहीतरी बिघडलंय.

रात्री ९.१५

पान चार अंशांवर. आयसीई-१ नावाचं प्रथिन जागं होतं आणि सीबीएफ नावाच्या जनुकांना चालू करतं. सीबीएफची प्रथिनं पुढे शेकडो जनुकांच्या दाराशी जाऊन बसतात आणि ती उघडतात. साखरा साठवणारी, पटल सांभाळणारी, पेशी सुकताना तिला सावरणारी जनुकं ती हीच. ही साखळी प्रथम उलगडली ती मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या प्रयोगवनस्पतीत.

मिशिगनमध्ये २००२ साली स्ट्रॉबेरीवर केलेलं काम या रात्रीच्या दृष्टीने मला सर्वांत बोलकं वाटतं. संशोधकांनी ‘हनीऑय’ या वाणात सीबीएफचं स्ट्रॉबेरीतलं भावंड शोधलं. चार अंशांच्या थंडीत ठेवल्यावर पानांमध्ये ते १५ मिनिटांत चालू झालं आणि २४ तासांपर्यंत चालू राहिलं. फुलातल्या स्त्रीकेसरांत थंडीने ते वाढलंच नाही.

मग त्यांनी अरॅबिडॉप्सिसचं सीबीएफ जनुक स्ट्रॉबेरीत घालून पाहिलं. साध्या झाडाच्या पानांतून निम्मे क्षार गळून जाण्याचं तापमान होतं उणे ६.४ अंश. जनुक घातलेल्या दोन रोपवंशांत ते उणे ८.२ आणि उणे १०.३ पर्यंत खाली गेलं. पानापुरतं हे मोठं यश होतं. पण ज्यापासून फळ होतं त्या पुष्पासनात काही फरक पडला नाही.

आज रात्री वाफ्यात तेच चाललंय. पानांना निरोप पोहोचलाय आणि ती कामाला लागलीत. शेतकऱ्याचा पैसा ज्या फुलात आहे त्याला निरोपच नाही. आणि पानांचीही तयारी आठवड्यांची असते. पहाटेला आता आठ-नऊ तास उरलेत.

रात्री ११.३०

उतारांवरची थंड, जड हवा सरकत सरकत खोलगट भागात साचतेय. टेकाडावरच्या बागेत तीन अंश, तलावाकडच्या सखल बागेत एक. एकाच गावातल्या दोन शेतकऱ्यांची सकाळ वेगवेगळी असते त्याचं कारण हे.

रात्री १.४५

फुलाचं तापमान शून्य. पाकळ्यांवर दव आहे, आणि ते गोठलेलं नाही.

शून्याला पाणी गोठतं असं आपण शाळेत शिकतो, पण ते अर्धंच खरं आहे. अगदी शुद्ध, निवांत पाणी उणे ३८ अंशांपर्यंत द्रव राहू शकतं. बर्फाचा पहिला स्फटिक जुळायला रेणूंना कशाचा तरी आधार लागतो. झाडावर तो आधार अनेकदा एक जिवाणू पुरवतो: स्यूडोमोनास सिरिंजी. त्याच्या बाह्य पटलावर एक प्रथिन असतं, ज्याचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. त्या तुकड्यांवर पाण्याचे रेणू बर्फातल्यासारखे रांगेत बसतात आणि उणे दोनच्या आसपासच गोठण सुरू होतं. जिवाणू नसते तर तेच फूल आणखी काही अंश खाली उतरूनही न गोठता निभावलं असतं.

हे कळल्यावर स्टीव्हन लिंडो या कॅलिफोर्नियातल्या वनस्पतीरोगतज्ज्ञाने जिवाणूतलं ते प्रथिन बनवणारं जनुक काढून टाकलं. हे निरुपद्रवी जिवाणू झाडावर आधी फवारले तर बर्फ पाडणाऱ्यांना जागा उरणार नाही, हा विचार. २४ एप्रिल १९८७ रोजी कॅलिफोर्नियातल्या ब्रेंटवुडला त्याची पहिली अधिकृत खुली फवारणी झाली, आणि ती झाली स्ट्रॉबेरीच्या तुकड्यावर. जनुक बदललेला सूक्ष्मजीव परवानगीने उघड्यावर सोडण्याची ती पहिलीच वेळ. आदल्या रात्री विरोधकांनी कुंपण ओलांडून रोपं उपटली होती; ती पुन्हा रोवून सकाळी फवारणी झाली. फवारणी करणाऱ्या शास्त्रज्ञ नियमानुसार डोक्यापासून पायापर्यंत संरक्षक पोशाखात होत्या आणि त्या छायाचित्राने लोक आणखी घाबरले. ते उत्पादन बाजारात आलंच नाही. लोकांची भीती मला समजते. तरीही दहिवराविरुद्धचा इतका नेमका विचार तिथंच थांबला याचं वाईट वाटतं, कारण बर्फ जमू न देणं हा फुलासाठीचा खरा उपाय होता.

रात्री ३

उणे ०.८. आता काही करायचं असेल तर शेवटची संधी.

ठिबक इथं कामाचं नाही. ते मुळाला पाणी देतं. हवं असतं तुषार सिंचन. एक ग्रॅम पाणी गोठताना ८० कॅलरी उष्णता सोडतं. फुलावर सतत पाणी पडत राहिलं आणि सतत गोठत राहिलं, तर ते शून्याच्या आसपास टिकतं, आणि बर्फाच्या आवरणात असूनही मरत नाही. पण मध्येच पंप बंद पडला तर ओल्या फुलावरचं पाणी वाफ होऊ लागतं. एक ग्रॅम वाफेला सुमारे ६०० कॅलरी लागतात आणि ती उष्णता फुलातून जाते. अर्धवट केलेली फवारणी न केलेल्या फवारणीहून वाईट.

आणि पूर्ण केलेली फवारणी काय किंमत घेते, ते फ्लोरिडाच्या प्लांट सिटी आणि डोव्हर भागाने जानेवारी २०१० मध्ये पाहिलं. सलग ११ दिवस गोठवणारी थंडी पडली. स्ट्रॉबेरी आणि इतर पिकं वाचवायला शेतकऱ्यांनी भूजल उपसलं. पाणीपातळी ६० फूट खाली गेली, शेजारच्या साडेसातशेहून अधिक घरांच्या विहिरी काही काळ कोरड्या पडल्या आणि १४० हून अधिक ठिकाणी जमीन खचून खड्डे पडले. फुलं वाचवताना पायाखालची जमीन गेली. विंटर डॉन आणि स्वीट चार्ली याच राज्यातून आपल्याकडे आली, हे विसरू नये.

महाबळेश्वरला या वेळी बहुतेक बागांत अंधार आहे.

पहाटे ४.४०

उणे १.६. एका पाकळीवरच्या दवाने पहिला स्फटिक धरला. बर्फ फुलाच्या ऊतीत शिरतो, पण पेशीच्या आत नाही. पेशींच्या मधल्या जागेत. तिथलं पाणी पातळ असतं, म्हणून ते आधी गोठतं. आणि बर्फ झाला की तो पेशीतलं पाणी बाहेर ओढतो. म्हणजे ही पेशी थंडीने नव्हे, तहानेने मरते आहे. पाणी निघून जातं तसे क्षार दाट होतात, प्रथिनं एकमेकांवर येतात, आक्रसलेली पटलं एकमेकांना भिडून चिकटतात आणि त्यांची रचना मोडते.

इथे सरावलेल्या झाडाची शिदोरी कामी आली असती. डिहायड्रिन नावाची प्रथिनं एरवी घडीविना, सैल धाग्यासारखी पेशीत तरंगतात. पेशी सुकू लागली की पटलाला बिलगून त्याला सावरतात. रॅफिनोज, गॅलॅक्टिनॉल यांसारखे साखरवर्गी रेणू पाण्याची जागा काही अंशी भरून काढतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात द्विगुणित रानस्ट्रॉबेरीचे २२ प्रकार गोठवून पाहिले. त्यात आपल्या हिमालयात वाढणाऱ्या जातीचेही दोन होते. निम्मी रोपं ज्या तापमानाला मेली ते उणे ४.७ पासून उणे १२ पर्यंत पसरलेलं होतं. डिहायड्रिन आणि अल्कोहोल डिहायड्रोजिनेज हे विकर ज्यात जास्त, ते झाड जास्त तगलं. २८ दिवस थंडीत ठेवल्यावर गॅलॅक्टिनॉलच्या प्रमाणावरून कोण किती तगेल ते सांगता येत होतं.

२८ दिवस. आपल्या फुलाला उमलूनच चार-पाच दिवस झालेत.

सकाळी ६.५०

रात्रीचा नीचांक: फुलापाशी उणे २.१. स्ट्रॉबेरीच्या घट्ट मिटलेल्या कळीला उणे ५.५ पर्यंत धोका नसतो. उमलायला आलेली कळी उणे तीनपर्यंत सोसते, कोवळं हिरवं फळ उणे २.२ पर्यंत. पूर्ण उमललेलं फूल मात्र साधारण उणे एकला मरतं. या वाफ्यात कळ्या वाचल्या, फळं काठावर वाचली, उमललेली फुलं गेली.

सकाळी ७.१०

सूर्य वर आला. बर्फ वितळतो, पाणी पेशीकडे धावतं. आक्रसताना ज्या पेशीने पटलाचा काही भाग गमावला, तिला पुन्हा फुगता येत नाही, ती फुटते. पानांवर दुसरं संकट आहे. हरितद्रव्य ऊन शोषतंय, पण गारठलेली विकरं त्या ऊर्जेने साखर बनवू शकत नाहीत. मोकळी उरलेली ऊर्जा ऑक्सिजनला मिळते आणि त्यातून पटलं जाळणारे रेणू तयार होतात. योन्सोकने आधीच साठवलेली प्रतिऑक्सिडीकारक विकरं याच क्षणासाठी असतात. तलावाकाठी गाड्या थांबू लागल्यात.

सकाळी ११

फुलं दुरून ठीक दिसतात, पाकळ्या पांढऱ्याशुभ्र. जवळ वाकून पाहिलं की मधला पिवळा भाग काळा पडलेला. पाकळ्यांना फारसं काही झालेलं नसतं. स्त्रीकेसर मेलेले असतात. नुकसानीची पाहणी करायला येणाऱ्याने पानं आणि पाकळ्या पाहून परत जाऊ नये.

चार आठवड्यांनंतर

तोड्यात खंड पडतो. पूर्ण मेलेल्या फुलांचं फळ आलंच नाही. जिथे काही स्त्रीकेसर वाचले तिथे फळ आलं, पण एका बाजूने चेपलेलं. फळावरच्या प्रत्येक बारीक ‘बी’तून ऑक्झिन हे संप्रेरक स्रवतं आणि त्याखालचा गर फुगतो, हे १९५० मध्ये निच यांनी बिया टोकरून काढून दाखवून दिलं होतं. बी मेली की तेवढा गर वाढत नाही. असा माल प्रतवारीत खाली जातो, आणि व्यापारी त्याचं कारण विचारत नाही.

झाड मात्र जिवंत असतं. क्राऊन शाबूत, नव्या कळ्या येतात. त्यामुळे या नुकसानीला पिकाचं मरण म्हणून कुणी नोंदवत नाही, आणि पुढच्या वर्षी तीच वाणं, त्याच सखल जागी, तशीच लागतात.

हे बदलता येण्यासारखं आहे. बागेच्या सर्वांत सखल वाफ्यात, फुलाच्या उंचीला एक किमान तापमापक लावा आणि वेधशाळेच्या आकड्याशी त्याचं रोजचं अंतर वहीत लिहा. एका हंगामात तुमच्या बागेचा हिशेब तुम्हाला कळेल. दुपारीच माती ओलवा, ओली माती दिवसाची उष्णता जास्त धरते. सूर्यास्तापूर्वी क्रॉप कव्हर ओढा, रात्री उशिरा नव्हे, कारण तोवर अडवायची उष्णता निघून गेलेली असते. तुषार सिंचन लावलं तर बर्फ वितळेपर्यंत ते थांबवू नका, आणि पाणी व वीज तेवढा वेळ टिकणार नसेल तर ते लावूच नका. कृषी विद्यापीठांना आणि संशोधन केंद्रांना एकच मागणी: वाणांच्या चाचण्या पानांवर उरकू नका, उमललेल्या फुलांवर करा. आणि येत्या सप्टेंबरात रोपं घ्यायला जाल तेव्हा भाव, गोडी आणि तोडा विचारून झाल्यावर रोपवाटिकेला हेही विचारा: या वाणाचं उमललेलं फूल किती अंशांना मरतं?